थरांच्या शिवेवर: स्कॅन पानांच्या कॉम्प्रेशनच्या प्रकल्प नोंदी

२ जून

काम हाती घेतलं. जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं आपण पीडीएफमध्ये घालतो ती तीन थरांत फोडून. सगळ्यात मागे कागद आणि चित्रं, पुढे शाईचा रंग, आणि कुठे कागद दिसायचा नि कुठे शाई हे ठरवणारा एक बिटाचा मास्क. कल्पना जुनी आहे. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेजाव्यू हा फाइल-प्रकार तयार झाला तो याच तत्त्वावर, आणि १९९९ मध्ये आयटीयूने (दूरसंचाराची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) टी.४४ या क्रमांकाखाली 'मिक्स्ड रास्टर कंटेंट' असं तिचं मानकही करून टाकलं.

अक्षराला धार लागते, रंग फारसे लागत नाहीत. कागदाला नि चित्राला रंगछटा लागतात, धार बेताची असली तरी चालते. दोन्ही एकाच जेपेगमध्ये कोंबली की एकाचं दुसऱ्याला भोवतं. थर वेगळे केले की हिशेब पार बदलतो. ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० पिक्सेल) ए४ पान म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल, कच्च्या रंगीत स्वरूपात सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट. त्याचा मास्क कच्चाच ठेवला तरी ११ लाख बाइटच्या आत. कागदाचा थर १०० डीपीआयला आणला की पिक्सेल नवव्या हिश्शावर येतात. शाईच्या रंगाचा थर डेजाव्यूच्या रिवाजाप्रमाणे २५ डीपीआयला, म्हणजे जेमतेम २०७ × २९३.

कागदावर हे सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात तक्रारी तीन: अक्षरांभोवती मळकट सावली, फिकट छपाईची अक्षरं तुटक, आणि फोटो असलेल्या पानांच्या फाइली फुगलेल्या. आकार आजच्यापेक्षा वाढवायचा नाही ही अट पहिल्या दिवसापासून. ती नसती तर या कामात काही गंमतच नव्हती.

५ जून

आधी मोजायचं कसं ते ठरवलं. पूर्ण पानावर पीएसएनआर (पिक्सेलागणिक चुकांच्या सरासरीवरून काढलेलं माप) काढण्यात अर्थ नाही. पानाचा बहुतेक भाग कोरा कागद, तिथे चूक नगण्य, त्यामुळे आकडा गोड येतो आणि अक्षरांभोवतीची घाण त्यात बुडून जाते. एसएसआयएम (दोन चित्रांची रचना किती सारखी ते सांगणारं माप) २००४ पासून सगळ्यांच्या हातात आहे आणि तो छोट्या खिडकीतून बघतो म्हणून थोडा बरा. पण त्याचीही पानभर सरासरी काढली की तीच गत.

म्हणून मास्कच्या कडेपासून बाहेर चार पिक्सेलची पट्टी घेतली आणि फक्त तिथलंच मोजायचं म्हटलं. यात एक खोच आहे. मूळ स्कॅनमध्ये अक्षराची कड मऊ असते. थरांतून परत जुळवलेल्या पानात ती कडक होते. पिक्सेलला पिक्सेल लावून तुलना केली तर अधिक स्वच्छ अक्षराला कमी गुण मिळतात! मूळ स्कॅन हाच आदर्श मानला की असं होणारच.

शेवटी दोन मापं ठेवली. पहिलं: मूळ आणि जुळवलेलं, दोन्ही पानं निम्म्यावर आणून पट्टीतला फरक बघायचा, वाचणाऱ्याला पडद्यावर साधारण तेवढंच दिसतं. दुसरं जास्त कामाचं, त्याला आम्ही नुसतं 'काळपटपणा' म्हणतो: फक्त कागदाचा थर घ्यायचा, पट्टीतली सरासरी काढायची, आणि जरा लांबच्या कोऱ्या कागदाच्या सरासरीतून वजा करायची. शून्य आलं की पट्टीत शाईचा अंश नाही. याला मूळ पान लागत नाही आणि एन्कोडरही (थर कोंबून लहान करणारा प्रोग्राम) लागत नाही.

नमुन्याची पानं बाजूला काढली: साधा मजकूर, फिकट छपाई, फोटो, दोन रंगांची शीर्षकं, मागची शाई पुढे उमटलेली, समासात पेन्सिलच्या खुणा. निम्म्यांवर आकडे लावायचे, उरलेली निम्मी शेवटपर्यंत उघडायची नाहीत.

६ जून

सगळ्यांच्या मनात असलेला उपाय आधी करून मोकळा झालो: कागदाच्या थराची जेपेग गुणवत्ता वाढवली. फाइल वाढली. सावली गेली नाही, उलट ठसठशीत झाली. साहजिकच आहे. ती घाण एन्कोडरने केलेली नव्हती, आपणच त्याच्या हातात दिलेली होती, आणि आता तो ती जास्त इमानाने जपायला लागला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. थर नीट सुटेपर्यंत एन्कोडरच्या आकड्यांना हात लावायचा नाही असं ठरलं.

१० जून

सावलीचं मूळ सापडलं. काना असलेलं एक अक्षर मोठं करून त्याच्या उभ्या दांड्यावरून आडवे पिक्सेल वाचले, डावीकडून उजवीकडे (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं):

२३२, २२८, १९०, ९५, ३८, ३५, ४१, ११०, २०१, २३०

थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याहून काळं ते शाई ती सीमा, १४० धरला तर मधले पाच पिक्सेल शाई. १९० आणि २०१ हे दोन 'कागद' ठरतात आणि मागच्या थरात जातात. पण ते कागद नाहीत. कागद २३० च्या आसपास आहे; हे दोघे त्याहून तीस-चाळीस पायऱ्या काळे. स्कॅनरच्या भिंगातून कड जरा पसरते, तिचे हे अवशेष. प्रत्येक दांड्याच्या, प्रत्येक वेलांटीच्या दोन्ही बाजूंना असे पिक्सेल असतात, आणि मागचा थर तिपटीने लहान करताना तीन-तीनच्या चौकोनात त्यांचं वजन भरपूर पडतं. म्हणजे शब्दाशब्दाभोवती राखाडी पट्टा तयार. हीच ती सावली.

उपाय म्हणून दोन मास्क ठेवले. एक फाइलमध्ये जाणारा, जसाच्या तसा. दुसरा त्यालाच दोन पिक्सेलने फुगवून केलेला, फक्त हिशेबापुरता: याच्या बाहेरचे पिक्सेल तेवढे खरा कागद. काठावरच्यांना कागदाच्या बाजूने साक्ष द्यायचा हक्क नाही.

शाईच्या बाजूलाही तोच न्याय. दांड्याचे पाचही पिक्सेल घेऊन शाईचा रंग काढला तर सरासरी जवळपास ६४ येते. एक-एक पिक्सेल आत सरकून फक्त ३८, ३५, ४१ घेतले तर ३८. छपाई 'उडालेली' दिसते अशी जी कुरकुर होती तिचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. बारीक रेषेत आत सरकल्यावर हाती काहीच उरत नाही. तिथे त्याच शब्दातल्या जाड भागाचा रंग उसना घ्यायचा.

फुगवायचं किती? चांगल्या स्कॅनला दोन पिक्सेल पुरतात. पण काही पानं आपल्याकडे येतानाच जेपेग होऊन येतात. तिथे कडेचे तरंग ८ × ८ च्या पूर्ण चौकोनभर पसरलेले असतात आणि दोन पिक्सेल अपुरे पडतात. तीन-चारपर्यंत गेलो. त्यापुढे बारीक टायपात दोन अक्षरांमध्ये साक्षीला कागदच शिल्लक राहत नाही.

राखाडी कड गेल्यावर अक्षर जरा सडपातळ वाटतं हे खरं. पण जाडी सांभाळणं हे थ्रेशोल्डचं काम आहे. कागद २३२, शाई ३५, मधोमध साधारण १३४. थ्रेशोल्ड त्याच्या आसपास असला की दांडा मुळाएवढाच जाड राहतो.

१३ जून

आता मागच्या थरातली भोकं. अक्षरं काढून घेतली की कागदात त्यांच्या आकाराची भोकं पडतात आणि त्यांत काहीतरी भरावं लागतं.

पहिली गोष्ट क्रमाची. आपल्या जुन्या क्रमात पान आधी लहान व्हायचं आणि मग अक्षरं झाकली जायची. नऊ पिक्सेलचा एक चौकोन घ्या: सहा कागदाचे, २३० चे, तीन शाईचे, ३६ चे. सरळ सरासरी १६५. म्हणजे तो चौकोन कागद म्हणूनही बिघडला आणि शाई म्हणूनही. साक्षीला पात्र असलेल्यांचीच सरासरी घेतली तर २३०. सूत्र सोपं: पात्र पिक्सेलची बेरीज भागिले पात्र पिक्सेलची संख्या. संख्या शून्य आली तर तो चौकोन भोक म्हणून पुढे जातो. या एका बदलाने काळपटपणाचा आकडा जितका खाली आला तितका या महिन्यात दुसऱ्या कशानेच आला नाही.

दुसरी गोष्ट भरण्याची. भोकावर शेवटी शाई बसणार, म्हणजे आत काय आहे ते कुणाला दिसणार नाही. म्हणून तिथे एन्कोडरला सगळ्यात स्वस्त पडेल ते भरायचं. पांढरं भरलं तर पिवळ्या कागदात प्रत्येक अक्षराच्या जागी पायरी तयार होते. एन्कोडर त्या पायऱ्यांवर बिट उधळतो, आणि वर त्यांचे तरंग भोकाबाहेर, दिसणाऱ्या कागदावर सांडतात. पानाची सरासरी भरली तरी शिवणीजवळच्या अंधाऱ्या भागात तेच. टिकलं ते पिरॅमिड: पात्रतेसकट पान निम्मं, पाव, अष्टमांश असं लहान करत जायचं, भोकं बुजेपर्यंत, मग उलट येताना प्रत्येक पायरीवर भोकांत खालच्या पायरीचं मूल्य टाकायचं. कागदाची छटा जशी वळते तशी भरणी वळते. जेपेगमध्ये आख्खा चौकोनच भोकात असेल तर शेजाऱ्यापासूनचा डीसी (चौकोनाच्या सरासरीचा) फरक शून्याजवळ आणि बाकी सगळं शून्य, म्हणजे तो जवळजवळ फुकट जातो.

याच्या पुढची पायरी बोतू आणि पिजन यांनी १९९८ मध्ये वेव्हलेटसाठी (चित्र ढोबळ नि बारीक तपशिलांत फोडणारं रूपांतर) मांडली होती: रूपांतर करा, बारीक तपशिलांचे आकडे उडवा, परत चित्र करा, माहीत असलेले पिक्सेल पुन्हा मूळ जागी बसवा, आणि हेच फेर चालू ठेवा. विचार देखणा आहे. आपल्या साध्या कागदावर पिरॅमिडच्या तुलनेत डोळ्यांना फरक दिसला नाही आणि वेळ मात्र खातो, म्हणून तो फोटोवरून मजकूर गेलेल्या पानांपुरता राखला.

'भोकात काय आहे ते कुणाला दिसत नाही' हेही शंभर टक्के खरं नाही. पान दाखवताना मागचा थर तिपटीने ताणला जातो, आणि गुळगुळीत ताणलं तर भोकाचा काठचा चौकोन बाहेर डोकावतो. भरणी काठाशी जुळलेली असणं म्हणूनच महत्त्वाचं.

१८ जून

मास्ककडे वळलो. आतापर्यंत ओत्सूची १९७९ ची पद्धत होती: पानाचा हिस्टोग्राम (कोणत्या छटेचे किती पिक्सेल याचा आलेख) बघून सगळ्या पानाला एकच थ्रेशोल्ड. सारखा उजेड असलेल्या पानावर ती आजही उत्तम. बांधणीजवळ काळवंडलेल्या किंवा डाग पडलेल्या पानावर मात्र एक आकडा दोन्हीकडे पुरत नाही.

सौवोला आणि पिएटिकाइनेन यांचं २००० सालचं सूत्र घेतलं. प्रत्येक पिक्सेलभोवती खिडकी धरायची, तिथली सरासरी आणि प्रमाण विचलन (छटा सरासरीपासून किती विखुरल्यात ते) काढायचं, मग

थ्रेशोल्ड = सरासरी × (१ + क × (विचलन ÷ १२८ − १))

बेरजांचं कोष्टक आधीच करून ठेवलं की खिडकी कितीही मोठी केली तरी वेळ तेवढाच लागतो. सगळी मेख 'क' मध्ये आहे. फिकट छपाईचं एक पान: सरासरी २००, विचलन २०, शाईच १६० ची. क = ०.३४ धरला तर थ्रेशोल्ड सुमारे १४३. शाई त्याच्या वर, म्हणजे कागद ठरली, अक्षर तुटलं. क = ०.२ केला तर १६६, आणि अक्षर सलग आलं.

मग खालीच का जाऊ नये? कारण पुढच्याच नमुन्यात मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली आहे. तिथे सरासरी २१५, विचलन ८, उमटलेली अक्षरं १८० च्या आसपास. क = ०.२ ला थ्रेशोल्ड १७५ आणि ती कागदातच राहतात, जिथे ती असायला हवीत. क = ०.१ केला की १९५, आणि आरशातल्यासारखी उलटी अक्षरं मास्कमध्ये हजर. एकदा मास्कमध्ये गेली की ती मूळ शाईइतकीच काळी होतात, कारण मास्कला अर्धवट असं काही माहीतच नाही. थरांच्या कॉम्प्रेशनमध्ये चूक होते ती अशी, हळूहळू बिघडत नाही, एकदम बाजू बदलते.

क = ०.२ कायम. त्यावर एक झडती ठेवली: मास्कमधल्या प्रत्येक तुकड्याचा गाभा आसपासच्या कागदापेक्षा पुरेसा काळा आहे का, आणि त्याची कड पुरेशी तीव्र आहे का. मागून उमटलेल्या अक्षराची कड नेहमीच पसरट असते. फिकट छपाई फिकट असली तरी तिची कड तीव्र असते. या कसोटीने दोन्ही बऱ्यापैकी वेगळी होतात.

१९ जून

मोठी शीर्षकं पोकळ येतात. दांडा खिडकीपेक्षा जाड असला की खिडकीत सगळी शाईच: सरासरी ३८, विचलन नाममात्र, थ्रेशोल्ड ३१, आणि ३८ चा पिक्सेल 'कागद'. दोन आकारांच्या खिडक्या चालवल्या. लहान खिडकीने जे आत पोखरलं ते मोठीच्या निकालाने भरून काढायचं. झालं.

२४ जून

फोटो. छापलेला फोटो म्हणजे मुळात शाईच्या ठिपक्यांची जाळी. थ्रेशोल्ड तिला अक्षरंच समजतो, आणि मग मास्कमध्ये हजारो ठिपके भरतात. मास्कचा एन्कोडर अक्षरांच्या सलग कडांवर जगतो. या जाळीत त्याला पुढचा पिक्सेल ओळखता येत नाही. फाइल फुगते आणि फोटोतल्या करड्या छटाही जातात. पैसे देऊन नुकसान विकत घेतल्यासारखं.

फोटोचा भाग आधी ओळखून मास्कमधून पुसायचा आणि सगळा मागच्या थरावर सोपवायचा. ओळखायला भारी काही लागलं नाही. पानाचे तुकडे पाडून प्रत्येकात काळ्याचं पांढरं किती वेळा होतं ते आडवं-उभं मोजलं. मजकुरात ओळींच्या मधे कोऱ्या पट्ट्या सापडतातच. जाळीत त्या नसतात, आणि ठिपके एकाच टप्प्यावर येत राहतात. तुकड्यांचे निकाल शेजाऱ्यांशी ताडून सलग चौकट केली. छायाचित्रावर छापलेली नावं अक्षराएवढे अखंड तुकडे म्हणून वेगळी निघतात. ती मास्कमध्येच ठेवली.

इथे दुसरं दुखणं उभं राहतं. वर्तमानपत्री जाळी इंचाला ८५ ओळींची धरली तर ३०० डीपीआयला ठिपक्यांमधलं अंतर साडेतीन पिक्सेल. असा फोटो तीन-तीनच्या चौकोनांनी लहान केला की जाळीवर जाळी चढते आणि आभाळात लाटा दिसायला लागतात. त्यामुळे लहान करण्याआधी ठिपक्याच्या टप्प्याएवढा गॉसियन (धूसर करणारी गाळणी) फिरवून जाळी मोडायची, आणि फोटोच्या पानांना मागचा थर १०० ऐवजी १५० डीपीआयचा. त्याचे बाइट वाढतात, पण मास्कमधून ठिपके गेल्याने जी बचत होते ती त्याहून मोठी.

२५ जून

दोन शायांची पानं. शाईच्या रंगाचा थर २५ डीपीआयला असल्याने त्याचा एक चौकोन मूळच्या १२ × १२ पिक्सेलवर पसरतो. काळ्या ओळीच्या मधोमध लाल आकडा आला की दोघांनाही एकच चौकोन वाट्याला येतो आणि दोन्ही तपकिरी होतात. डेजाव्यूत प्रत्येक आकाराला पॅलेटमधला एक रंग बांधून देता येतो. पीडीएफमध्ये त्याच चालीने गेलो: मास्कचेच दोन भाग केले, काळ्याचा वेगळा आणि लालचा वेगळा, आणि प्रत्येक एकाच सपाट रंगाने रंगवला. रंगाचा थरच उरला नाही. पान स्वच्छ आणि फाइल हलकी, असं एकाच वेळी क्वचित मिळतं. हाताने रंगवलेल्या नक्षीच्या पानांना मात्र जुनाच मार्ग.

१ जुलै

मास्क कशाने कोंबायचा. पर्याय दोन: १९८४ पासूनचा फॅक्सचा ग्रुप ४, किंवा २००० चा जेबिग२. जेबिग२ ची खरी बचत त्याच्या चिन्हकोशात आहे: सारखे दिसणारे आकार एकदाच साठवायचे आणि पुढे फक्त 'तोच, इथे' एवढंच सांगायचं.

देवनागरीत ही बचत हातात येता येता निसटते. शिरोरेषेने आख्खा शब्द एकसंध तुकडा होतो, आणि शब्द काही रोमन 'ई'सारखे ओळीगणिक परत येत नाहीत. शिरोरेषा कापून अक्षरं सुटी करता येतील. पण मग 'सारखे दिसणारे' कुणी ठरवायचं? 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', फिकट छपाईत यांच्यात चार-सहा पिक्सेलचाच फरक उरतो. २०१३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं होतं की काही स्कॅनर-कॉपियर याच तंत्रामुळे आराखड्यांतला ६ चा ८ करून टाकत होते. अक्षर खराब दिसलं असतं तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. ते स्वच्छ, धारदार आणि चुकीचं होतं. संग्रहाच्या कामात हा धोका पत्करायचा नाही. जेबिग२ वापरायचा, पण चिन्हकोशाशिवाय, मास्क जसाच्या तसा ठेवून: आधी येऊन गेलेल्या १६ शेजाऱ्यांवरून पुढचा पिक्सेल ओळखणारा त्याचा साधा मार्ग.

या मार्गाला कडा गुळगुळीत आवडतात. सरळ दांड्यावर एकटा पिक्सेल बाहेर आला असेल किंवा खाच पडली असेल तर ती सपाट केली. अक्षर तेच राहतं, मास्क लहान होतो. मोह आवरून इथेच थांबलो, पण ठिपके पुसणारा गाळणीचा टप्पा आधीपासून होता, आणि मजकूर तपासणाऱ्या ताईंनी आज पानं बघून विचारलं, "अहो, पानं छान स्वच्छ झालीत खरी, पण अनुस्वार कुठे गेले?"

गेलेच होते. दहा पॉइंटच्या टायपात ३०० डीपीआयला अनुस्वार जेमतेम पाच-सहा पिक्सेल रुंद, फिकट छपाईत त्याहून लहान. गाळणीला तो धूळच वाटतो. पानावर सगळीकडे अनुस्वार उडालेले, आणि नुसत्या डोळ्यांनी पान पहिल्यापेक्षा देखणं! आता क्षेत्रफळाबरोबर जागाही बघतो: ठिपका शिरोरेषेच्या लगेच वर असेल किंवा अक्षराच्या पायाशी असेल तर तो कितीही लहान असला तरी राहू द्यायचा. त्यामुळे ओळीजवळची थोडी धूळही राहते. राहू दे.

४ जुलै

थर सुटे झाल्यावर आता एन्कोडरचे आकडे. मागचा थर इतका गुळगुळीत झालाय की जेपेग आणि जेपेग २००० मधला फरक नेहमीच्या पानांवर शोधावा लागतो. खालच्या गुणवत्तेला जेपेगमध्ये कागदाच्या छटेत चौकोन दिसतात. १०० डीपीआयचा ८ पिक्सेलचा चौकोन मूळच्या २४ पिक्सेलवर पसरतो, त्यामुळे ते नजरेत भरतात. जेपेग २००० त्याच जागी नुसतं धूसर होतं, आणि कागदाला धूसरपणा खपतो. तेच घेतलं.

एक सवय मोडली. आधी प्रत्येक पानाच्या मागच्या थराला ठरावीक बाइट मिळायचे. कोऱ्या पानाला ते जास्त व्हायचे, कागदाचे तंतू जपण्यात जायचे. चित्राच्या पानाला तेच कमी पडायचे. आता सगळ्या पानांना एकच क्वांटायझेशन पायरी (आकडे किती ढोबळ करायचे ते), बाइट लागतील तेवढे. नियतकालिकाच्या पूर्ण अंकाच्या बाइटची बेरीज पूर्वीएवढीच, वाटणी वेगळी.

९ जुलै

बाजूला ठेवलेली नमुन्याची पानं आज उघडली. साध्या मजकुरात काळपटपणा शून्याच्या जवळ, फाइली जुन्यापेक्षा लहान. फिकट पानांवर अक्षरं सलग. मागून उमटलेल्यात अजून तुरळक उलटे तुकडे निसटतात, बहुतेक जाड शीर्षकांचे, कारण त्यांची कड मागूनसुद्धा बऱ्यापैकी तीव्र येते.

दाखवणाऱ्या प्रोग्रामांचा प्रश्न वेगळाच. तोच मास्क एका ठिकाणी गुळगुळीत आणि दुसऱ्या ठिकाणी दातेरी दिसतो, कारण ३०० डीपीआयचा एक बिटाचा मास्क पडद्याला लहान करताना कुणी सरासरी घेतं, कुणी मधले पिक्सेल सरळ गाळतं. मागच्या थराला पीडीएफमध्ये इंटरपोलेशनची (ताणताना मधल्या छटा गुळगुळीत भरण्याची) खूण लावली. जे मानतात तिथे कागदाचे चौकोन दिसत नाहीत. मास्कला आठ बिटांची मऊ कड देऊन पाहिलं. दिसतं सुरेख, पण मग जेबिग२ गेलं आणि आकाराची अट मोडली. नको.

पेन्सिलच्या खुणा सुटल्या नाहीत. त्या मास्कमध्ये गेल्या तर शाईसारख्या काळ्या होतात, मागे राहिल्या तर १०० डीपीआयला पुसट होतात. सध्या त्यांना मागेच ठेवून त्या पानांचा मागचा थर १५० डीपीआयचा केलाय. नकाशे आणि हस्तलिखितं थरांत फोडायचीच नाहीत असं ठरलं. मास्कमधल्या तुकड्यांची संख्या आणि त्यांच्या कडांची एकूण लांबी यांचं प्रमाण हाताबाहेर गेलं की पान आपोआप एकाच थरात, जेपेग २००० ने जाईल. ही मर्यादा कुठे बांधायची ते पहिला पूर्ण खंड चालवून बघून ठरवू. तो आज रात्री लावतोय.